दोघींनी बदललेलं सील

गाडीखाली तेल गळतंय हे आमच्या घरात सगळ्यात आधी सासूबाईंच्या लक्षात आलं. त्यांचं माहेर उरणच्या बाजूला, खाडीकाठी. तिकडून आलेली सुकट डब्यात भरण्याआधी त्या अंगणात जुन्या साडीवर पसरून तिला ऊन दाखवतात. त्या दिवशी मी गाडी घेऊन कामावर गेले होते. रोज गाडी उभी असते ती जागा मोकळी होती आणि थंडीतलं ऊन नेमकं तिथेच रेंगाळत होतं, म्हणून त्यांनी साडी तिथे अंथरली. संध्याकाळी मी परत आले तर त्या फाटकातच साडी दोन्ही हातांनी ताणून धरून उभ्या. साडीच्या मधोमध बशीएवढा तपकिरी डाग.

"बग," त्या म्हणाल्या. "तुजी गारी मुतते गो."

गाडीला त्या गारी म्हणतात, साडीला सारी. मी साताऱ्याकडची, लग्न होऊन पनवेलजवळ सुकापूरला आले तेव्हा त्यांचं बोलणं कळायला मला बरेच दिवस लागले होते. आता कधीकधी माझ्याच तोंडून ऑफिसात 'नाय' निघून जातं.

"सुकट खराब झाली का?" मी विचारलं.

"सुकट वाचली. सारी गेली. जाऊं दे, जुनीच होती."

मी डागाला बोट लावून वास घेतला. इंजिनाचं तेल जळकट वासाचं असतं. हा वास वेगळा होता, उग्र, थोडासा कुजक्या लसणासारखा. हे गिअरचं तेल. म्हणजे गळती इंजिनातून नव्हती, मागे कुठेतरी होती. मी तशीच ऑफिसच्या कपड्यांत जमिनीवर आडवी झाले आणि मोबाइलचा उजेड गाडीखाली मारला. सासूबाई माझ्या डोक्याशी वाकून उभ्या राहिल्या आणि त्यांनी साडीची घडी करून माझ्या मानेखाली सरकवली.

ही गाडी आम्ही जुनीच घेतली होती. चारही चाकांना ताकद जाणारी, उंच, थोडी ओबडधोबड. नवऱ्याच्या मामांची जमीन खाडीच्या बांधापलीकडे आहे, तिथली वाट वर्षातले निम्मे महिने चिखलाची असते. साधी गाडी बांधाशीच ठेवून पुढे चालत जावं लागायचं, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना ते जमेनासं झालं होतं. मामा त्यांचे एकुलते एक धाकटे भाऊ. तेव्हा ही गाडी खरं तर त्यांच्या माहेरासाठीच घेतलेली. पण रोज तळोज्याच्या ऑफिसला ती मीच नेते, कारण नवरा बंदरात क्रेन चालवतो आणि त्याला न्यायला-आणायला बस येते.

अशा गाडीत इंजिनाची ताकद आधी मधल्या एका लोखंडी पेटीत येते. तिथून एक लांब फिरता दांडा पुढच्या चाकांकडे जातो आणि एक मागच्या. दांडा पेटीतून बाहेर येतो त्या तोंडाशी रबराचं एक कडं बसवलेलं असतं. दांडा फिरत राहावा पण आतलं तेल बाहेर येऊ नये, एवढंच त्याचं काम. त्याला ऑइल सील म्हणतात. मागच्या दांड्याच्या तोंडाशी सगळं ओलं आणि काळं दिसत होतं. तेल तिथे जमून थेंब थेंब खाली येत होतं.

गंमत म्हणजे ऑइल सील हा माझ्या रोजच्या कामातला विषय. पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात मी ड्रॉइंगचं काम करते. मेकॅनिकलचा डिप्लोमा झाल्यापासून तेच करत आले आहे. सीलचा छेद मला डोळे मिटून काढता येतो. लोखंडी पाठ, रबरी ओठ, ओठाला मागून आवळून धरणारी बारीकशी स्प्रिंग. पण ते सगळं कॉम्प्युटरच्या पडद्यावर. खरंखुरं सील मी कधी खोबणीत ठोकून बसवलं नव्हतं. कारखान्यात ते काम जोडणी विभागातली माणसं करतात आणि आम्ही वरच्या मजल्यावर एसीत बसतो.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या गॅरेजला गेले. तिथल्या मिस्त्रींनी खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "सीलच आहे. ठेवून जा मॅडम. पण कामं तुंबलीत, कधी हात लागेल सांगत नाही." बाहेर गाड्यांची रांग दिसतच होती. मी गाडी परत घेऊन आले. वाटेत सिग्नलला थांबले असताना मनात आलं की हे मी का करू नये? आणि घरी पोचेपर्यंत तो विचार पक्का झाला होता.

रात्री जेवताना सांगितलं. नवऱ्याने घास तसाच हातात धरला. "तू? सील बदलणार?"

"मी."

"येतं तुला?"

"माहीत आहे. केलेलं नाही."

त्याने घास तोंडात टाकला. आमची ओळख डिप्लोमाच्या कॉलेजातली. वर्कशॉपच्या तासाला माझा जॉब नेहमी त्याच्यापेक्षा सफाईदार यायचा, हे तो अजून लोकांना सांगतो. घास गिळून म्हणाला, "कर. पण लोखंडी घोड्यांच्या टेकूवर चढवल्याशिवाय खाली शिरायचं नाही. नुसत्या जॅकवर नाही. घोड्या मी आणतो मित्राकडून, आणि गाडी मीच चढवून देईन."

"आनि मी काय करू?" सासूबाईंनी विचारलं.

"तुम्ही काय करणार, आई?" मी म्हटलं.

"मंजे? सारी माजी गेली."

साडीच्या हक्काने त्याही कामात सामील झाल्या.

शनिवारी संध्याकाळी नवऱ्याने गाडी उचलून चार बाजूंना लोखंडी घोड्या लावल्या, चाकांखाली लाकडं सरकवली आणि दोन्ही हातांनी गाडी गदागदा हलवून पाहिली. हलली नाही. रविवारी पहाटे तो पहिल्या पाळीला निघून गेला. मी चहा घेऊन त्याचा जुना शर्ट चढवला, केसांना रुमाल बांधला आणि अंगणात आले. पाहते तो सासूबाईंनी गाडीखाली चटई अंथरून ठेवलेली. शेजारी प्लास्टिकचा टब, जुन्या सुती कपड्यांच्या चिंध्या, पाण्याची बाटली आणि स्वतःसाठी पाट. माझे पाने त्यांनी लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडले होते. बारशाला वाट्या मांडाव्यात तसे.

आधी पेटीचं वरचं, तेल भरायचं बूच उघडायचं आणि मगच खालचं. तेल काढून टाकलं आणि भरायचं बूच उघडलंच नाही तर गाडी तिथेच बसते. वरचं बूच कुरकुरत उघडलं. मग खालचं काढलं आणि काळं तेल टबात उतरलं. सासूबाई वाकून पाहत होत्या. "ह्ये बदललंच नव्हतं का कवा?" त्यांनी विचारलं. बहुधा बऱ्याच वर्षांत नव्हतं.

मग दांडा. तो चार बोल्टनी पेटीबाहेरच्या लोखंडी चकतीला जोडलेला असतो. काढण्याआधी मी दोन्ही भागांवर नेलपॉलिशने एक सलग रेघ ओढली, म्हणजे परत जोडताना जसा होता तसाच बसेल. चुकीचा बसला तर गाडी धावताना थरथरते. नेलपॉलिश माझंच, कुणाच्या तरी हळदीला घेतलेलं, लालभडक, नंतर कधी न लावलेलं. तीन बोल्ट पटापट सुटले. चौथा गंजून बसला होता. त्यावर गंजाचं औषध फवारलं आणि वाट पाहत चटईवर पडून राहिले.

"आत काय दिसतं गो?" बाहेरून आवाज आला.

"दांडा, पेटी, माती."

"मना बी बगाया हाय."

"आई, या वयात कशाला खाली..."

पण त्या तोवर पाटावरून उतरल्या होत्या. पदर खोचला, एक हात गाडीच्या दाराला लावला आणि गुडघे सांभाळत हळूहळू चटईवर आडव्या झाल्या. मी त्यांना खांद्याला धरून आत घेतलं. आम्ही दोघी शेजारी शेजारी उताण्या, नाकासमोर गाडीचं पोट. त्यांच्या डोक्याला लावलेल्या खोबरेल तेलाचा वास आणि गिअरच्या तेलाचा वास एकमेकांत मिसळला होता.

मी त्यांना दाखवलं. ही पेटी, हा दांडा, तो मागे जाऊन चाकं फिरवतो. त्यांनी हात वर करून दांड्याला बोट लावलं.

"यो फिरतो तवा आपली गारी फुडं जाते, नाय?"

"हो."

"येवरासा दांडा!" त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग आपणहून सांगायला लागल्या.

त्या लहान असताना त्यांच्या वडिलांचं मिठागरात काम असायचं. मीठ न्यायला ट्रक यायचा. एकदा त्यांच्या आईला दवाखान्यात न्यायचं होतं म्हणून ड्रायव्हरने दोघींना ट्रकमध्ये घेतलं. आई पुढे बसली, आणि ह्या मागे मिठाच्या गोण्यांवर. आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत. वाटेत बांधावर मागचं चाक चिखलात फिरत राहिलं. ड्रायव्हर उतरला, शेतातला पेंढा आणून चाकाखाली घातला आणि ह्यांना खालून ओरडून म्हणाला, घट्ट धर. ट्रक उसळून बाहेर आला तेव्हा ह्या गोण्यांवर उताण्या पडल्या. पनवेलला पोचेपर्यंत त्या तशाच पडून राहिल्या, आकाश बघत.

"का?" मी विचारलं.

"बरा वाटत होता," त्या म्हणाल्या. "खाली काय फिरतं ते कवा पायलाच नाय. आज पायला."

आम्ही थोडा वेळ तशाच पडून होतो. बाहेर शेजारच्या नव्या टॉवरच्या कामाची ठकठक चालू होती. पाना हातात घेऊन मी चौथ्या बोल्टला लावला आणि तो सहज सुटला. मी ओरडलेच. सासूबाईंनी गाडीखालीच टाळी वाजवली.

खरी मेहनत पुढे होती. दांडा बाजूला केल्यावर चकती उरते आणि ती एका मोठ्या नटाने धरलेली असते. तो नट आपोआप सुटू नये म्हणून त्याची कड ठोकून खाचेत दाबलेली असते. मी छिन्नीने ती कड उचलली. चकती फिरू नये म्हणून तिला लोखंडी पट्टी बोल्टने जोडून पट्टीचं दुसरं टोक चासीला टेकवलं. नटाला गोटी पाना लावला. ओढला, काही नाही. पाय टेकून ओढला, तरी काही नाही.

सासूबाई एव्हाना परत पाटावर बसल्या होत्या. "लांब कर," त्या म्हणाल्या, "हात पुरत नाय तुजा." जुन्या नळजोडणीतला एक लोखंडी पाइप घरामागे पडून होता. तो पान्याच्या दांडीवर चढवला तेव्हा त्याचं टोक गाडीबाहेर आलं. मी आतून धरलं आणि त्यांनी बाहेरून दोन्ही हातांनी.

"आई, मी सांगेन तेव्हा वर ओढायचं. झटका नाही, नुसता जोर."

"अगो, जाळी वढलीय मी. सांग तू."

"आता!"

मला आतून फक्त त्यांचे पाय दिसत होते, जमिनीत रोवल्यासारखे. पाइप किंचित वाकला. मग एकदम मोठा 'कट्' असा आवाज झाला आणि मला वाटलं, तुटलं काहीतरी. तुटलं नव्हतं. नट हलला होता. बाहेरून विचारणा झाली, "मेला का?" मी म्हटलं, "मेला!" आणि दोघी हसत सुटलो.

चकती निघाली आणि मागे सील दिसलं. ओठ कडक होऊन भेगाळला होता, नखाने दाबला तरी दबत नव्हता. पेचकसाने जपून, खोबणीला ओरखडा न जाऊ देता मी ते उचकटलं. त्या जागी आता उघडी पेटी. तिच्या तोंडाला स्वच्छ फडकं बांधलं, सील पिशवीत टाकलं आणि हातपाय धुऊन रिक्षाने जुन्या पनवेलात गेले.

तिथे स्पेअर पार्टचं एक जुनं दुकान आहे. गल्ल्यावर पांढऱ्या दाढीचे चाचा बसतात. मी सील काउंटरवर ठेवलं तसं त्यांनी चष्मा वर करून आधी माझ्या नखांकडे पाहिलं, मग सीलकडे.

"खुदच काम चाललंय वाटतं," ते म्हणाले.

"हो. मी आणि माझ्या सासूबाई."

"माशाल्ला!" त्यांनी कडेवरचा नंबर वाचला, आतून बाहेरून माप घेतलं आणि आतल्या खणातून पिवळसर कागदात गुंडाळलेलं नवं सील काढून दिलं. "तसल्लीने बसवा, ताई. तिरकं गेलं तर पुन्हा येणं होईल तुमचं."

ते सील मी तळहातावर घेतलं. गार, जड, ओठ मऊ. इतकी वर्षं जे रेघांमध्ये काढत होते ते हातात असं लागतं, हे मला तेव्हा कळलं. दुकानात घेतलेला नवा नट आणि तेलाचा डबा पिशवीत गेले, सील मात्र रिक्षात बसल्यावरही हातातच राहिलं.

बसवायला पाण्याच्या पाइपचा एक प्लास्टिकचा जोड सापडला, बरोब्बर सीलच्या कडेएवढा. ओठाला ग्रीस लावलं, सील तोंडाशी सरळ धरलं, वर तो जोड ठेवला आणि हातोडीने हलके हलके ठोकत गेले. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा वर. सासूबाई बाहेरून टॉर्च धरून होत्या आणि दर ठोक्याला 'हां' म्हणत होत्या. ठोक्याचा आवाज बदलला, भरीव झाला, तेव्हा समजलं की सील तळाला टेकलं. बोट फिरवून पाहिलं. सगळीकडून सारखं बसलं होतं. मला अगदी आतून बरं वाटलं.

मग उलटा प्रवास. चकती, नवा नट, नटाची कड पुन्हा ठोकून, लाल रेघ जुळवून दांडा, चारही बोल्ट. नवं तेल वरच्या भोकातून ओसंडेपर्यंत भरलं आणि बूच लावलं. नवरा परत आला तेव्हा आम्ही दोघी पायरीवर बसून तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण खात होतो, काळ्या नखांनी. त्याने गाडीखाली डोकावून पाहिलं, एक एक बोल्ट हाताने चाचपला.

"झालं?" तो म्हणाला.

"झाला," त्याची आई म्हणाली. "आमी केला."

गाडी खाली उतरवून जवळच्या करंजाड्यापर्यंत जाऊन आलो. गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला. सकाळी पुठ्ठा कोरडा. पुढचे काही दिवस ऑफिसला जाऊन येत होते, रोज पुठ्ठा कोरडा. मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. जोडणी विभागातल्या एकाने तर सील चारी बाजूंनी ठोकायचं कसं हे मला विचारलं, अर्थात चेष्टेत, पण मी मनापासून सांगितलं.

मग एका सुट्टीच्या दिवशी आम्ही लांब पेणला एका नातेवाइकांकडे जाऊन आलो. परत आल्यावर सवयीने पुठ्ठा पसरला. हातपाय धुऊन बाहेर येते तर त्यावर थेंब. ताजा, सोनेरी, नव्या तेलाचा.

मी पायरीवर बसून राहिले. सासूबाईंनी पुठ्ठ्याकडे पाहून "मेला!" म्हटलं आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा टाकला. मला वाटलं की सील तिरकं गेलं असणार. मनात सगळे ठोके पुन्हा ठोकून पाहिले. कुठे चुकलं? पण तिरकं असतं तर पहिल्याच दिवशी गळलं असतं. रोज जाऊन येत होते तेव्हा कोरडं आणि पेणहून आल्यावर ओलं, असं का?

चहा पिऊन होताच मी पाना घेतला. निदान आत तेल किती उरलंय ते पाहू म्हणून गाडीखाली सरकले. गाडी अजून गरम होती. वरचं बूच सैल केलं मात्र, आणि 'फुस्स' असा लांब आवाज झाला.

"कोन बोलला?" सासूबाई दारातून म्हणाल्या.

मी तशीच पडून राहिले आणि मग मोठ्याने हसले. पेटीच बोलली होती. आतलं तेल तापलं की आतली हवा फुगते. ती बाहेर जायला पेटीच्या माथ्यावर एक छोटी नळी असते. ती नळी बंद असेल तर हवा वाट शोधते, आणि सगळ्यात सोपी वाट म्हणजे सीलचा ओठ. जवळच्या जवळ गेलं की पेटी फारशी तापत नाही. पेणला जाऊन आलं की तापते. सील तिरकं गेलं नव्हतं. माझे ठोके बरोबर होते.

नळीचं टोक शोधायला वेळ लागला नाही. त्यात चिखल भरून अगदी विटेसारखा वाळला होता. खाडीचा करडा चिखल, ओळखू येणारा. नवरा शेजारी उकिडवा बसून पाहत होता. तो डोकं खाजवत म्हणाला, "पावसाळ्यात मामांकडे मीच घातली होती गाडी चरात. पार पोटापर्यंत."

"मंग तुज्याच मामाचा चिखल हाय तो," त्याची आई म्हणाली, जणू तो मामा तिचा कुणीच नव्हता.

तार घालून चिखल काढला, फुंकून पाहिलं, नळी मोकळी झाली. थोडं तेल वर भरलं. दुसऱ्या दिवशी मी आणि सासूबाई पुन्हा पेणला गेलो, कुणाकडे नाही, नुसत्याच. वाटेत थांबून वडापाव खाल्ला आणि परत आलो. त्या गाडीतून उतरल्या आणि पुठ्ठा त्यांनी स्वतः सरकवला. मग पाट आणून तिथेच बसल्या, मी नको म्हटलं तरी. संध्याकाळचे डास चावायला लागेपर्यंत त्या पुठ्ठ्याकडे पाहत होत्या. कोरडा.

पुढच्या आठवड्यात मामांचा फोन आला. वालाला शेंगा भरल्यात, पोपटी लावतोय, या. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, बटाटे, असं सगळं भरायचं आणि मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करायचा, ही आमच्याकडची थंडीतली मजा. आम्ही दुपारीच निघालो. बंदराच्या रस्त्यावर नेहमीसारखे कंटेनरचे ट्रेलर. ते मागे टाकून बांधाच्या वाटेला लागलो. भरतीचं पाणी येऊन गेलेलं होतं आणि एका ठिकाणी वाट बुळबुळीत झाली होती. मी चारही चाकांचा गिअर टाकला. गाडी जरा डुलली आणि निघून गेली. सासूबाई पुढच्या सीटवर, एक हात वरच्या कडीला. त्या पायांशी बघत होत्या, जिथे खाली तो दांडा फिरत असतो.

पोचल्या पोचल्या त्यांनी जमलेल्या बायकांना सांगायला सुरुवात केली. "गारीच्या कमरंचा हार बदलला आमी. ही आतून, मी भायेरून." नट सुटल्याचा आवाज त्यांनी तोंडाने काढून दाखवला. प्रत्येक वेळी सांगताना तो पाइप थोडा थोडा लांब होत गेला. मी दुरुस्त करायला गेले नाही.

मामा ऐकत होते. ते कमी बोलतात. बायका शेंगा निवडायला बसल्यावर ते माझ्याजवळ आले. "नुसती सून नाय, तू इंजिनेर हाईस," ते म्हणाले. "माजा पंप बगशील? गलतो."

शेतातल्या तळ्यात पाणी घेण्याचा त्यांचा पंप बांधावर शेडखाली होता. आम्ही दोघं तिकडे गेलो. मागोमाग सासूबाई. पंप चालू होता आणि दांडा जिथे आत शिरतो तिथून पाणी थेंब थेंब पडत होतं. मी उकिडवी बसले. हा तर माझाच प्रांत. असे पंप मी रोज ड्रॉइंगमध्ये काढते. त्या जागी दोरीसारखं पॅकिंग गुंडाळलेलं असतं, आणि हात लावून पाहिला तर तो भाग थंडगार होता.

"मामा, हा थेंब राहू द्या," मी म्हटलं. "हा पडायलाच हवा. त्या पाण्यानेच दांडा गार राहतो. आवळून बंद केलात तर पॅकिंग जळेल."

मामांनी थेंबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंजे काय करायचाच नाय?"

"नाही. धार लागली तर सांगा."

त्यांचा थोडा हिरमोड झाल्यासारखा वाटला. पाने त्यांनी आधीच काढून ठेवले होते. सासूबाई मात्र पंपाजवळ वाकून बघत म्हणाल्या, "आमची गारी गलली तर ती खराब, आनि याचा पंप गलला तर बरा. यो काय न्याय गो?"

मी त्यांना समजावून सांगितलं. गाडीतलं तेल आतच राहायला हवं आणि इथे पाण्याला थोडं बाहेर यावं लागतं. त्यांनी मान हलवली, पटलं की नाही कोण जाणे. तोवर पलीकडे जाळ पेटला होता आणि पाल्याचा वास सगळ्या बांधावर पसरायला लागला होता. मामा म्हणाले, "चला, जालात लाकरा घालाया मानसा लागतील," आणि आम्ही तिघं तिकडे निघालो.